कोऑर्डिनेटर कोण आणि प्ले कोण सांगतं?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाची जबाबदारी असलेला सहायक प्रशिक्षक, नेमायची वेळ आली, की आधी उमेदवाराच्या संघाने किती गुण केले ते बघितलं जातं. मला वाटतं, त्याआधी एकच गोष्ट विचारावी: सामना चालू असताना प्ले, म्हणजे पुढची चाल, कोण सांगत होतं?

कोऑर्डिनेटर हे पद आहे, प्ले-कॉलिंग हे काम. कोऑर्डिनेटर आठवडाभर प्रतिस्पर्ध्याची फिल्म बघतो, गेम प्लॅन आखतो, आक्रमणाच्या बाकी प्रशिक्षकांकडून तो बसवून घेतो; शिवाय रिक्रूटिंगची, म्हणजे नवे खेळाडू मिळवण्याची, धावपळ असतेच. प्ले-कॉलरची कसोटी मात्र काही सेकंदांची. तिसरा डाउन आहे (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), सात यार्ड हवेत, पुढची चाल सुरू करायला प्ले क्लॉकवर 40 सेकंद. 2024 पासून वरच्या विभागातल्या संघांना एका खेळाडूच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर थेट बोलता येतं, पण 15 सेकंद उरले की तो बंद होतो. त्याआत निर्णय व्हायला हवा आणि क्वार्टरबॅकला, म्हणजे मैदानात आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला, कळायलाही हवा.

बहुतेक ठिकाणी दोन्ही कामं एकच माणूस करतो, म्हणून गल्लत होते. ओहायो स्टेटमध्ये 2023 साली कोऑर्डिनेटर ब्रायन हार्टलाइन होते, पण प्ले सांगायचे मुख्य प्रशिक्षक रायन डे. पुढच्या हंगामात डे यांनी ते काम नवे कोऑर्डिनेटर चिप केली यांच्यावर सोपवलं आणि संघ राष्ट्रीय विजेता झाला.

एलएसयूचा (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) 2019 चा संघ तर याहून गुंतागुंतीचा. 15 पैकी 15 सामने जिंकले, क्वार्टरबॅक जो बरोने 60 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) टाकले. सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉयल्स पुरस्कार जो ब्रेडी यांना मिळाला; ते पासिंग गेम कोऑर्डिनेटर होते. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते स्टीव्ह एन्समिंगर, आणि प्ले मुख्यतः तेच सांगत. ब्रेडी यांनी न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून आणलेली पासिंगची रचना खरोखरच मोलाची होती. पण रचना करणारा हवा की सामना चालवणारा, हे नेमणाऱ्याला आधी ठाऊक असायला हवं. पुढच्या वर्षी बरो आणि ब्रेडी एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेले, आणि एलएसयूचा हंगाम 5 विजय, 5 पराभवांवर संपला.

प्ले-कॉलर पारखायचा तर सामन्याच्या सुरुवातीवर भाळू नये. पहिले दहा-पंधरा प्ले बरेचदा आधीच लिहून ठेवलेले असतात. दुसऱ्या हाफची फिल्म बघावी: बचावाने डाव ओळखल्यावर हा माणूस काय बदलतो? गुणांपेक्षा दर प्लेमागे आणि दर ड्राइव्हमागे (चेंडू हाती असताना सलग केलेल्या चालींमागे) काय मिळालं ते बघावं. आयोवा विद्यापीठाने 2023 मध्ये आपले ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर ब्रायन फेरेन्ट्झ यांच्या करारात सामन्यामागे सरासरी 25 गुणांची अट घातली होती, आणि त्यात बचावाने केलेले गुणही धरले जाणार होते. अशा आकड्यातून आक्रमण कळत नाही.

मुलाखतीत मुख्य प्रशिक्षकानेही आपल्या बाजूने स्पष्ट सांगावं, की शनिवारी, सामन्याच्या दिवशी, प्ले तुम्ही सांगणार की मी. हे मोघम ठेवलं, तर हंगामाच्या मध्यावर, दोन सामने हरल्यावर, त्याच मुद्द्यावरून वाद होतो.