पंधरवड्यातून एकदा तरी बोलता, अशी नाती किती?

१९९७ साली अमेरिकेतील शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. १८ ते ५५ वयोगटातील २७६ धडधाकट स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडण्यात आले आणि पुढचे पाच दिवस त्यांना बाहेरच्यांपासून वेगळे ठेवून कोणाला सर्दी होते, हे पाहण्यात आले. केवळ तक्रारींवर विसंबून न राहता संशोधकांनी नाक शिंकरून टाकलेले कागदी रुमाल गोळा केले आणि त्यांचे वजन करून शेंबडाचे प्रमाण ठरवले. विज्ञानातील चिकाटी कधी कधी अशी किळसवाणीही असते.

थेंब सोडण्यापूर्वी प्रत्येकाला त्याच्या गोतावळ्याविषयी विचारण्यात आले होते. जोडीदार, आईवडील, सासूसासरे, मुले, इतर नातलग, शेजारी, मित्र, सहकारी, सहाध्यायी, सामाजिक कामातील सोबती, धार्मिक मंडळातील आणि इतर संस्थांमधील माणसे अशा १२ प्रकारच्या नात्यांपैकी किती प्रकारांत तुम्ही निदान पंधरवड्यातून एकदा, प्रत्यक्ष किंवा फोनवर, कोणाशी तरी बोलता, असा तो प्रश्न होता. ज्यांची नाती एक ते तीन प्रकारांतच सामावली होती, त्यांना सर्दी होण्याचा धोका सहा किंवा अधिक प्रकारची नाती असणाऱ्यांच्या ४.२ पट निघाला. धूम्रपान, अपुरी झोप यांसारख्या कारणांनी या फरकाचा काही भागच उलगडत होता. आजारी माणूस आपोआपच एकटा पडतो, ही नेहमीची शंकाही येथे लागू पडत नाही, कारण सगळे निरोगी असतानाच विषाणू देण्यात आला होता.

या प्रयोगात माणसांच्या संख्येपेक्षा नात्यांच्या विविधतेला अधिक वजन मिळाले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आधाराचा विचार करताना आपण ‘हक्काचे एक माणूस असले म्हणजे झाले’ असे सहज म्हणतो. परंतु सगळे ओझे एकाच खुंटीवर टांगले, तर ते माणूस परगावी गेले, आजारी पडले किंवा त्याच्याशीच बिनसले की सारेच कोसळते. घरातील तणाव भिशीतल्या मैत्रिणीजवळ हलका होतो, कचेरीतील कटकट भजनी मंडळात तासभर विसरली जाते, आणि रात्री-अपरात्री रुग्णालयात न्यायची वेळ आली तर दूरच्या जिवलगापेक्षा शेजारचे दारच आधी ठोठावावे लागते.

आधार देण्याचीही एक रीत असते. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी २००० साली न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. जोडीदाराने मदत केली, पण परीक्षार्थीला ती जाणवलीही नाही, तेव्हा मनाचा त्रास सर्वांत कमी होता. उघडपणे जाणवलेल्या मदतीने मात्र उलट खिन्नता वाढत होती, बहुधा आपण कमी पडतो आहोत, ही बोच त्या मदतीबरोबर येत असावी. ‘काही लागले तर सांग’ असे दहादा म्हणण्यापेक्षा गुपचूप डबा भरून ठेवणे अधिक कामाचे, असा याचा व्यवहारातील अर्थ.

नवी माणसे जोडायला वेळ किती लागतो, याचाही अंदाज उपलब्ध आहे. जेफ्री हॉल यांच्या २०१८ मधील अभ्यासानुसार जुजबी ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि जिवलग होण्यासाठी २०० तासांहून अधिक. त्यातही हे तास गप्पाटप्पा आणि हास्यविनोदाचे असावे लागतात. नुसते एकत्र काम केल्याने जवळीक फारशी वाढत नाही. वर्षानुवर्षे शेजारच्या टेबलावर बसलेला सहकारी निवृत्तीनंतर पाहता पाहता दुरावतो, याचे म्हणूनच नवल वाटायला नको. कचेरीबाहेर त्याच्यासोबत घालवलेले तास मोजले, तर ते कदाचित पन्नासच्या आतच भरतील.