डेस्कटॉप मांडणी

संगणक सुरू केल्यावर पडद्यावर दिसणारे टास्कबार (चालू प्रोग्रॅमची पट्टी), आयकॉन, खिडक्या, अक्षरांचा आकार आणि रंग, तसेच माउस व कळफलकाचे वागणे आपल्या कामाला सोयीचे होईल असे जुळवून घेणे म्हणजे डेस्कटॉप मांडणी. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्हींत ही सोय असते. मोकळीक मात्र कमीजास्त असते. वॉलपेपर बदलणे हा या मांडणीचा सर्वांना ठाऊक असलेला, पण सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे. दिवसभरात पुन्हा पुन्हा होणारी हाताची आणि नजरेची धावपळ कमी करणे, हे तिचे खरे काम.

माउस आणि चित्रमय पडदा असलेला अल्टो हा संगणक झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली तयार झाला. फोल्डर आणि कागदपत्रांचे आयकॉन मांडलेला डेस्कटॉप बाजारात आला तो १९८१ च्या झेरॉक्स स्टारमधून. ॲपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये पहिल्या दिवसापासून एक छोटेसे कंट्रोल पॅनेल होते. ॲपलच्या आयकॉन-चित्रकार सुसान केअर यांनी ते जवळजवळ शब्दांविना, चित्रांतूनच मांडले होते. आवाज, माउसचा वेग, कळ दाबून धरल्यावर अक्षर किती भरभर उमटावे, कर्सरची उघडझाप, खिडक्यांमागची नक्षी अशा मोजक्याच गोष्टी त्यात बदलता येत. आजच्या सेटिंग्जमध्ये पानांमागून पाने असली, तरी नव्या संगणकावर आधी हात घालावा तो माउसच्या वेगाला आणि कळांच्या पुनरावृत्तीलाच. या दोन गोष्टी एकदा हाताला बसल्या की बाकीचे सावकाश करता येते.

स्टार्ट बटण आणि टास्कबार २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ बरोबर घरोघरी पोहोचले. लिनक्सच्या जगात १९९६ साली केडीई आणि १९९७ साली ग्नोम हे डेस्कटॉप पुरवणारे प्रकल्प सुरू झाले. त्यांतला भेद आजही ठळक आहे: केडीईमध्ये जवळजवळ प्रत्येक गोष्ट बदलता येते, तर ग्नोम मोजकेच पर्याय समोर ठेवते आणि उरलेले एक्स्टेन्शनवर, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमवर, सोपवते. फेरफाराची हौस असलेल्याने केडीई घ्यावे. ज्याला लगेच कामाला लागायचे आहे त्याला ग्नोम बरे.

काठ आणि कोपरे

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेला नियम येथे थेट लागू पडतो. एखाद्या लक्ष्यापर्यंत हात पोहोचायला किती वेळ लागेल, हे त्याचे अंतर आणि त्याचा आकार यांवर ठरते. पडद्याच्या काठाशी माउसचा बाण आपोआप अडतो. त्यामुळे काठावरचे बटण नेम न धरताही सापडते आणि कोपऱ्यातले तर डोळे मिटूनही. मॅकचा मेनू पडद्याच्या अगदी वरच्या काठाला चिकटलेला असतो, त्याचा फायदा हाच. विंडोज ९५ चे स्टार्ट बटण मात्र कोपऱ्यापासून किंचित आत होते. बाण थेट कोपऱ्यात नेऊन क्लिक केले तर नेम चुकायचा. एवढ्याशा फटीने कोपऱ्याचा सारा फायदा घालवला होता.

२०२१ साली आलेल्या विंडोज ११ ने स्टार्ट बटण टास्कबारच्या मध्यभागी आणले. दिसायला ते नीटस आहे, पण टास्कबारवर नवा प्रोग्रॅम उघडला की सगळी रांग सरकते आणि स्टार्टही आपली जागा सोडते. हाताला जागेची सवय लागते. जागाच हलत राहिली तर दर वेळी नजर शोध घेत बसते. म्हणून सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, मग टास्कबार, मग टास्कबार बिहेवियर्स येथे जाऊन अलाइनमेंट डावीकडे करून घेणे उत्तम. मॅकवर हॉट कॉर्नर्स ही सोय आहे. बाण कोपऱ्यात नेला की पडदा बंद व्हावा किंवा डेस्कटॉप दिसावा, असे तिथे ठरवता येते. रुंद पडद्यावर उभी जागा तोकडी पडते. अशा वेळी मॅकचा डॉक, म्हणजे प्रोग्रॅमच्या आयकॉनची पट्टी, डाव्या काठाला न्यावा, म्हणजे वाचायला चार ओळी जास्त मिळतात.

अक्षरांचा आकार

अक्षरे बारीक वाटली की अनेकजण पडद्याचे रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, कमी करतात. तो उपाय चुकीचा आहे. एलसीडी पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या कायमची ठरलेली असते. त्याहून कमी रिझोल्यूशन दिले की एक ठिपका दीड-दोन ठिपक्यांवर ताणावा लागतो आणि कडा धूसर होतात. देवनागरीत हे अधिक खुपते, कारण वेलांटी, रफार आणि अनुस्वार हे सगळे बारीक तपशिलावर उभे आहेत. रिझोल्यूशन शिफारस केलेलेच ठेवावे आणि स्केल, म्हणजे पडद्यावरच्या सगळ्या गोष्टींचा आकार, १२५ किंवा १५० टक्के करावे. विंडोजमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली फक्त मजकुराचा आकार २२५ टक्क्यांपर्यंत वाढवण्याचीही सोय आहे.

गडद थीममुळे वीज वाचते असे सरसकट सांगितले जाते. ओलेड पडद्यावर ते खरे आहे, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. साध्या एलसीडीत मागचा दिवा चालूच राहतो, त्यामुळे फारसा फरक पडत नाही. तिथे डोळ्यांना जे बरे वाटेल ते घ्यावे.

कळफलकावरची कामे

कॉपी, पेस्ट आणि अन्डू सर्वांना येतात. त्यांच्यापुढच्या दोन-तीन सोयी मात्र दुर्लक्षित राहतात. विंडोजमध्ये विंडोज कळ आणि व्ही दाबले की क्लिपबोर्डचा इतिहास, म्हणजे आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी, उघडतो. पहिल्यांदा तो चालू करण्याची परवानगी द्यावी लागते. मग एका कागदातून नाव, पत्ता आणि तारीख ओळीने कॉपी करून ठेवायची, दुसऱ्या कागदात जाऊन यादीतून एकेक टाकायची. पाच वेळा खिडकी बदलण्याऐवजी एकदाच. दोन मजकूर शेजारी ठेवून ताडून पाहायचे असतील तर विंडोज आणि डावा बाण दाबावा: खिडकी पडद्याचा डावा अर्धा भाग व्यापते आणि उजव्या अर्ध्यासाठी उरलेल्या खिडक्यांची निवड समोर येते. मॅकमध्ये खिडकी काठाशी ओढून किंवा कळा दाबून अशी अर्ध्या भागात बसवण्याची सोय २०२४ च्या सेक्वोया आवृत्तीत आली.

प्रोग्रॅम शोधण्यासाठी मेनू धुंडाळू नये. विंडोज कळ, किंवा मॅकवर कमांड आणि स्पेस दाबून नावाची पहिली दोन-तीन अक्षरे लिहिली तरी पुरते. मराठी कळफलकासाठी वेगळे सॉफ्टवेअर बसवण्याची गरज नाही. भाषेच्या सेटिंगमधून तो जोडला की विंडोज आणि स्पेस दाबून मराठी-इंग्रजी अदलाबदल होते. जागेवरून उठताना विंडोज आणि एल, मॅकवर कंट्रोल, कमांड आणि क्यू दाबून पडदा कुलूपबंद करावा.

फाइलची शेपटी

विंडोज ओळखीच्या फाइलींच्या नावातले शेवटचे, बिंदूनंतरचे अक्षरगट मुळातच लपवून ठेवते. ही एक गोष्ट प्रत्येकाने बदलावी. मे २००० मध्ये आय लव्ह यू या नावाने पसरलेल्या विषाणूची फाइल डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस अशी संपत होती. शेवटचा भाग लपलेला असल्याने लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली. उघडताच आतला प्रोग्रॅम चालला आणि ॲड्रेस बुकमधल्या सगळ्यांना तीच मेल गेली. फाइल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्स येथे खूण केली की पूर्ण नाव दिसू लागते. मॅकवर ही खूण फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये, ॲडव्हान्स्डखाली आहे.

बदल मागे घेणे

एका वेळी एकच बदल करावा आणि दोन दिवस वापरून पाहावा, म्हणजे काही बिघडले तर कारण शोधावे लागत नाही. विंडोजमध्ये बहुतेक सेटिंग्ज रजिस्ट्री या अंतर्गत नोंदवहीत, मॅकवर लायब्ररीतल्या प्रेफरन्सेस फोल्डरमध्ये, तर लिनक्समध्ये बिंदूने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरांत साठवली जातात. लिनक्समध्ये अशा फोल्डरचे नाव बदलले की संबंधित प्रोग्रॅम पुन्हा कोऱ्या अवस्थेत सुरू होतो आणि जुने फोल्डर हाताशी राहते. रजिस्ट्रीत हात घालण्याआधी रिस्टोअर पॉइंट, म्हणजे मागे परतता येईल अशी सध्याच्या स्थितीची नोंद, तयार करणे आवश्यक आहे. दोष आपल्या मांडणीत आहे की यंत्रणेत, हे ओळखायचे असेल तर संगणकावर नवे खाते उघडून तेच काम करून पाहावे: तिथे अडचण आली नाही, तर ती जुन्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये आहे आणि संपूर्ण कार्यप्रणाली पुन्हा बसवण्याची गरज नाही.