रिश्टर कळला, पण चीर कशी आहे?

दिंडोरी, कळवण, पेठकडे जमीन हलली की नाशिककरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "रिश्टर किती?" दिंडोरी रोडवरच्या 'मेरी' या सरकारी संशोधन संस्थेतून आकडा येतो, दोन दिवस चर्चा होते आणि विषय मिटतो. माझ्या मते त्याहून कामाचा प्रश्न राहूनच जातो. जो खडक सरकला, त्यातली चीर सरळ होती की वाकडीतिकडी? आणि त्या चिरेत काय भरलेलं होतं?

या चिरेला भ्रंश म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंवर ताण वाढत जातो आणि घर्षण त्यांना धरून ठेवतं. भरलेलं लोखंडी कपाट फरशीवर ढकलून बघा : आधी ढिम्म हलत नाही, मग खर्रकन पुढे जातं आणि परत अडतं. भूकंपही असाच अडत-सुटत होतो, हे ब्रेस आणि बायर्ली या शास्त्रज्ञांनी 1966 मध्ये मांडलं. अट एकच : सरकायला लागल्यावर घर्षण कमी व्हायला हवं. ते वाढलं, तर खडक बिनबोभाट सरकत राहतो. कॅलिफोर्नियातल्या होलिस्टर गावात असाच एक भ्रंश रस्त्यांखालून जातो. तिथे फुटपाथच्या कडा तुटून बाजूला सरकल्या आहेत, घरांच्या भिंती वाकल्या आहेत, आणि तेही मोठा धक्का न बसता.

बहुतेक खडकांचा घर्षणांक, म्हणजे पकड किती घट्ट याचं माप, 0.6 ते 0.85 असतो, चिकणमातीचा बराच कमी. घाटात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये लाल मातकट पट्टा दिसतो ना, तशी माती भ्रंशात असेल तर तो सहज सरकतो. (त्या लाल पट्ट्यातच भूकंप होतात असं नाही हं. ते बहुधा कित्येक किलोमीटर खाली होतात.) पाणी मुरलं तरी खडकांची पकड सैल होते. कोयनेत 1967 मध्ये 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा धरणाच्या पाण्याकडे बोट दाखवलं गेलं ते यामुळेच.

बरीच वर्षं सगळा भर घर्षणावरच होता. 2024 मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातले भ्रंश तपासले. जिथे भ्रंशांचं जाळं गुंतागुंतीचं, तिथे ते अडकून धक्के देतात. जिथे सरळ, तिथे गुपचूप सरकतात, असं त्यांना आढळलं. पण गंमत अशी, की एकदा सुरू झालेला भंग, म्हणजे भ्रंशाच्या बाजूने पुढे धावणारी तूट, वळणावर किंवा तुटक जागी अनेकदा थांबतोही. भ्रंशाच्या दोन तुकड्यांमधलं अंतर चार-पाच किलोमीटरहून जास्त असेल तर तो सहसा पलीकडे उडी मारत नाही. तुर्कस्तानात 2023 मध्ये मात्र उलटं झालं. भंग बाजूच्या एका छोट्या भ्रंशावर सुरू झाला, मुख्य भ्रंशात शिरला आणि भूकंप 7.8 पर्यंत गेला.

आपली अडचण वेगळीच आहे. इथे वर लाव्ह्याचे जाड थर आहेत आणि खालचे भ्रंश त्यांच्याआड दडलेले. किल्लारीचा भ्रंश 1993 पूर्वी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. म्हणून दोन-अडीच रिश्टरचा धक्काही मोलाचा असतो. आसपास पुरेशी नोंदणी केंद्रं असली, तर प्रत्येक धक्क्याची जागा आणि खोली काढता येते. अशा शेकडो ठिपक्यांतून न दिसणाऱ्या चिरेची लांबी, उतार आणि वळणं कागदावर उतरू लागतात.