कथा आणि नियम यांतील विसंगती (टेबलटॉप वॉरगेम)

टेबलावर मिनिएचर (सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती) मांडून खेळायच्या युद्धखेळांत एखाद्या सैनिकाची कीर्ती पार्श्वकथेत जशी वर्णिलेली असते, तशी ती फासे टाकल्यावर दिसत नाही. या तफावतीला कथा-नियम विसंगती म्हणता येईल. खेळाडूंच्या बोलीत कथेची बाजू म्हणजे ‘फ्लफ’ किंवा ‘लोर’ आणि आकड्यांची बाजू म्हणजे ‘क्रंच’.

सर्वांत जास्त वाद झडतात ते ‘वॉरहॅमर ४०,०००’ (गेम्स वर्कशॉप, १९८७) या खेळातल्या स्पेस मरीन नावाच्या चिलखतधारी महायोद्ध्यांवरून. कथेत त्यांच्या एका चॅप्टरमध्ये, म्हणजे स्वतंत्र दलात, जेमतेम हजार योद्धे असतात आणि त्यांतले मूठभर उतरले तरी ग्रहाच्या युद्धाचे पारडे फिरते. टेबलावरचा हिशेब वेगळा आहे. साध्या शिपायाच्या लासगनचा (लेसर बंदुकीचा) नेम निम्म्या वेळा लागतो, लागलेल्यांपैकी एकतृतीयांश गोळ्या जखम करतात आणि त्यांतल्या एकतृतीयांश चिलखत भेदतात. म्हणजे सरासरी १८ गोळ्यांत एक घाव, आणि कित्येक वर्षे मरीनला तेवढा एकच घाव पुरे होता. सैन्य जमवताना प्रत्येक मिनिएचरची किंमत पॉइंटांत मोजतात; नियमांच्या पाचव्या आवृत्तीत मरीन १६ पॉइंटांना आणि शिपाई ५ पॉइंटांना मिळे. थोडक्यात, कथेतला देवदूत टेबलावर तीन शिपायांच्या तोलाचा.

याचे खापर लेखकांच्या निष्काळजीपणावर फोडले जाते, पण ते फारसे खरे नाही. कथेबरहुकूम मरीन बनवला तर एका बाजूला पाच-सहाच मिनिएचर उरतील आणि समोरच्याने दोनशे रंगवावीत अशी अपेक्षा ठेवावी लागेल. त्यात ना खेळ रंगेल, ना मिनिएचर खपतील. कंपनीच्या ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकाने ‘मूव्ही मरीन’ नावाचे गमतीचे नियम छापून ही कल्पना एकदा टेबलावर आणलीही. शिवाय सहा बाजूंच्या फाशात बारीक फरक मावत नाहीत. एका टप्प्याचा फरक म्हणजे थेट एकषष्ठांश.

२०१७ च्या आठव्या आवृत्तीत दोन घाव सोसणारे, उंचीने मोठे प्रायमारिस मरीन आले, आणि त्यांच्या जन्माची दहा हजार वर्षांची कथा त्यांच्या जोडीने रचली गेली. इथे कथाच मिनिएचरच्या मागे चालली. त्याच आवृत्तीने सहा पडल्यास कोणतेही शस्त्र कशालाही जखम करू शकेल असे ठरवल्यामुळे, पूर्वी रणगाड्यावर ओरखडाही न काढणारी लासगन आता तो फोडू शकते. एक भोक बुजवताना दुसरे पडले.

अंतराची विसंगती तर हसू आणणारी आहे. मरीनच्या बोल्टर या बंदुकीचा पल्ला टेबलावर २४ इंच. २८ मिमी मिनिएचरचे प्रमाण ढोबळमानाने १:५६ धरले, तर प्रत्यक्षातले अंतर भरते जेमतेम ३४ मीटर. ‘बॅटलटेक’ (१९८४) या महाकाय युद्धयंत्रांच्या खेळामध्ये पटावरचे षट्कोनी घर ३० मीटरचे आणि मशीनगनचा पल्ला तीन घरे, म्हणजे ९० मीटर. एकतिसाव्या शतकातली ही शस्त्रांची प्रगती पहिल्या महायुद्धातल्या मशीनगनलाही लाजवणारी नाही. खरा पल्ला ठेवला तर टेबलाच्या एका कडेवरून दुसरी कड टिपता येईल आणि सैन्य हलवण्याचे कारणच उरणार नाही. म्हणून अनेक ऐतिहासिक वॉरगेम मिनिएचरचे प्रमाण आणि जमिनीचे प्रमाण सरळ वेगवेगळे मानतात.

कल्पनाविश्व नसतानाही हा पेच होताच. प्रशियन अधिकारी राइसवित्झ यांच्या १८२४ च्या ‘क्रीगश्पील’मध्ये, म्हणजे लष्करी प्रशिक्षणाच्या युद्धखेळात, १:८००० चा नकाशा, फासे आणि हानीचे तक्ते होते. रणांगण पाहिलेल्या अधिकाऱ्यांना तक्त्यांचे बंधन जाचू लागले, तेव्हा १८७६ मध्ये प्रशियन सेनाधिकारी फॉन व्हेर्डी यांनी ते बहुतांशी बाजूला सारून निकाल अनुभवी पंचाच्या हाती दिला. तिथे कथेच्या जागी प्रत्यक्ष अनुभव होता, एवढाच फरक.

काही विसंगती खेळाडू बिनतक्रार गिळतात: कथेत केव्हाच मेलेला सेनापती दर शनिवारी लढायला येतो, आणि कधी कधी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी येतो.