रकान्यांची जोडणी (मजकूर फायलींमधील)

अनेक मजकूर फायलींतले हवे ते रकाने उचलून एकाच फाइलमध्ये शेजारी-शेजारी मांडणे. युनिक्स व लिनक्सवर हे काम ‘पेस्ट’, ‘जॉइन’ आणि ‘ऑक’ या आज्ञांनी होते. जनुक-अभिव्यक्तीच्या (कोणते जनुक किती सक्रिय आहे याच्या) अभ्यासात ते नेहमी लागते. जनुकागणिक आरएनए-वाचने मोजणारा ‘एचटीसेक-काउंट’ हा प्रोग्राम दर नमुन्यामागे जनुकाचे नाव आणि मोजणी अशी दोन रकान्यांची फाइल देतो. पुढच्या विश्लेषणाला मात्र सगळ्या नमुन्यांचा एकच तक्ता हवा असतो.

‘पेस्ट’ पहिल्या ओळीपुढे पहिली, दुसरीपुढे दुसरी ओळ ठेवते, मध्ये टॅब घालते. ओळीत काय आहे ते पाहत नाही. सगळे नमुने एकाच जीटीएफ फाइलवर (जनुकांची नावे व जागा देणाऱ्या यादीवर) मोजले असतील तर ओळी जुळतात. एखादा जुन्या आवृत्तीवर मोजला असेल, तर एक जनुक कमी पडताच त्याखालच्या मोजण्या भलत्याच जनुकांपुढे बसतात आणि चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. ओळींची संख्या सारखी निघाली म्हणून निर्धास्त राहू नये. नावांचे रकाने ‘कट’ या आज्ञेने काढून ‘डिफ’ने (फायलींतला फरक दाखवणाऱ्या आज्ञेने) ताडावेत.

‘जॉइन’ नावावरून जुळवते, पण एका वेळी दोनच फायली घेते आणि दोन्ही त्या रकान्यावर ‘सॉर्ट’ केलेल्या (क्रमाने लावलेल्या) लागतात. एकाच फाइलमध्ये असलेले नाव ते गाळते.

नमुने बरेच असतील तर ‘ऑक’ वापरावे. आल्फ्रेड अहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निगन यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेली ही भाषा १९७७ साली बेल लॅब्जमध्ये तयार झाली. नाव व फाइल-क्रमांक या जोडीखाली मोजणी साठवावी, नावे आली त्या क्रमाने वेगळ्या यादीत ठेवावीत (साठ्यातून ती कोणत्याही क्रमाने बाहेर पडतात) आणि शेवटी तक्ता छापावा. न सापडलेल्या जागी सरसकट शून्य भरू नये: जनुक मोजलेच गेले नाही आणि मोजणी शून्य आली, या वेगळ्या गोष्टी आहेत. फायलींच्या शेवटच्या, दोन अधोरेखांनी सुरू होणाऱ्या पाच ओळी जनुकांच्या नसून कोणत्याही जनुकात न धरलेल्या वाचनांच्या मोजण्या असतात. त्या आधीच वगळाव्यात.

विंडोजवरून आलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी एक न दिसणारे ‘कॅरेज रिटर्न’ चिन्ह असते. जोडल्यावर ते ओळीच्या मध्ये येते, टर्मिनलवर पुढचा मजकूर ओळीच्या सुरुवातीवर उमटतो आणि पहिला रकाना नाहीसा झाल्यासारखा वाटतो. ‘कॅट’ला मोठ्या लिपीतला ‘ए’ पर्याय दिला की ते उघड दिसते. ‘टीआर’ या आज्ञेने काढून टाकता येते.

फायलींची नावे १, २, १० अशी असतील तर शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) १० ला २ च्या आधी घेतो आणि शीर्षके चुकीच्या रकान्यांवर बसतात. ०१, ०२ अशी नावे द्यावीत.