‘ट्रॅक करू नका’ दाबलं तरी जाहिराती येणारच

आयफोनवर गेम उघडताना ‘ट्रॅक करू नका’ दाबलं की जाहिराती बंद होतात, हा समज एप्रिल २०२१ मध्ये आयफोनची आयओएस १४.५ ही प्रणाली आल्यापासून फिरतोय. तसं काही होत नाही. गेमला फक्त फोनचा जाहिरात-क्रमांक (जाहिरातदारांनी फोन ओळखायचा नंबर) मिळत नाही, आणि इतर कंपन्यांच्या ॲपमधल्या तुमच्या माहितीशी सांगड घालायला ॲपलची मनाई असते. जाहिराती तेवढ्याच.

तुम्ही कितव्या लेव्हलला अडकलात, जादा ‘लाइफ’साठी अख्खा व्हिडिओ मुकाट्याने कधी बघता, हे गेमवाल्याला दिसतंच. जाहिरातींचा नेम धरायला तेवढंही पुष्कळ झालं!

अँड्रॉइडवर तर हा क्रमांक आपणच सेटिंग्जमध्ये जाऊन पुसायचा. त्याला पर्याय म्हणून गुगलने २०२२ मध्ये जाहीर केलेला ‘प्रायव्हसी सँडबॉक्स’ हा प्रकल्प २०२५ मध्ये गुंडाळला. क्रमांक आहे तिथेच आहे.