रशियन तेल चालू कसं राहिलं: ६० डॉलरच्या मर्यादेची पार्श्वभूमी

रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केला, मग सँक्शन्स लागली, हे सगळ्यांना माहितीये, ते परत सांगत बसत नाही. पण नवी मुंबईत बेलापूर, नेरूळ, सीवूड्स या पट्ट्यात शिपिंग कंपन्यांची आणि जहाजांना माणसं पुरवणाऱ्या मॅनिंग एजन्सींची ऑफिसं आहेत, बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी जहाजावर असतं, त्यामुळे आपल्याकडे हा विषय टीव्हीवरच्या चर्चेपुरता राहत नाही. एक प्रश्न सारखा विचारला जातो, की एवढे निर्बंध लावले तर रशियाचं तेल चालू कसं? तर ते चालू राहावं अशाच बेताने निर्बंध बांधले गेले होते, बॅरलमागे ६० डॉलरची प्राइस कॅप, म्हणजे भावावरची मर्यादा, त्याचाच भाग. का, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे नको, १९३५ पुरे. इटली ३ ऑक्टोबरला अबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात घुसली. तेव्हा जिनिव्हात जी जागतिक संघटना होती, लीग ऑफ नेशन्स, तिने लगोलग इटलीला आक्रमक ठरवलं आणि १८ नोव्हेंबरपासून निर्बंध लागू केले. शस्त्रं बंद, कर्ज बंद, इटलीचा माल घ्यायचा नाही. ऐकायला जबरदस्त, पण यादीत तेल नव्हतं, कोळसा नव्हता, पोलाद नव्हतं, आणि सुएझ कालवाही उघडाच होता, त्यातून इटलीचं सैन्य टोल भरून पलीकडे जात होतं. तेल का वगळलं? अमेरिका त्या संघटनेत नव्हती त्यामुळे तिचं तेल जातच राहणार असं म्हणत होते, आणि फार ताणलं तर इटली जर्मनीकडे सरकेल ही धास्ती होती. ५ मे १९३६ ला अदिस अबाबा पडलं, जुलैत निर्बंध उठवले, आणि इटली शेवटी जर्मनीच्या गोटात गेलीच. ज्या देशावर हल्ला झाला त्याच्या हातात यातलं काय पडलं, तर काहीच नाही.

जपानच्या बाबतीत उलटं झालं. १९३७ पासून जपान चीनमध्ये लढत होता आणि त्याचं बहुतांश तेल अमेरिकेतून येत होतं, चार वर्षं येत राहिलं, मग १९४१ च्या उन्हाळ्यात मालमत्ता गोठवली आणि तेल एकदम तोडलं, त्या डिसेंबरात पर्ल हार्बर झालं. तेल तोडलं की भडका उडतो ही भीती तेव्हापासून धोरण आखणाऱ्यांच्या डोक्यात बसली असावी असं मला वाटतं.

पटकन काम झाल्याचं उदाहरण १९५६ चं. इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स इजिप्तवर चालून गेले, पाउंड घसरायला लागला, अमेरिकेने पैशांची मदत अडवून धरली आणि ब्रिटनने आठवड्याभरात युद्धबंदी मान्य केली, डिसेंबर संपायच्या आत ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्य परत. दबाव लागू पडला कारण ब्रिटन अमेरिकेच्याच पैशावर अवलंबून होता. १९८० मध्ये अफगाणिस्तानवरून अमेरिकेने सोव्हिएतांचा धान्यपुरवठा रोखला तर त्यांनी अर्जेंटिनाकडून धान्य घेतलं, इकडे अमेरिकेतले शेतकरीच वैतागले आणि १९८१ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. १९९० मध्ये इराक कुवेतमध्ये घुसला तेव्हा चार दिवसांत व्यापारबंदी आली, तेलासकट, पण सैन्य निघालं ते युद्धाने, आणि ती बंदी पुढे वर्षानुवर्षं इराकी माणसांच्या बोकांडी बसली.

आता मुख्य गोष्ट. २०२२ मध्ये रशिया रोज ७० लाख बॅरलच्या वर कच्चं तेल आणि प्रॉडक्ट्स, म्हणजे डिझेलसारखा रिफाइन केलेला माल, बाहेर विकत होता. हल्ल्यानंतर मार्चमध्ये ब्रेंट, म्हणजे ज्याच्यावरून जगात कच्च्या तेलाचा भाव बघतात ते तेल, बॅरलला १२० डॉलरच्या वर गेलं. जूनमध्ये युरोपने ठरवलं की ५ डिसेंबरपासून समुद्रमार्गे येणारं रशियन कच्चं तेल घ्यायचं नाही, आणि त्याच निर्णयात एक कलम होतं ज्याकडे बातम्यांत फार कोणी बघितलं नाही. ते असं, की रशियन तेल तिसऱ्या देशात नेणाऱ्या जहाजाला युरोपियन कंपनीने इन्शुरन्सही द्यायचा नाही. शिपिंगमधल्या माणसाला लगेच कळतं हे केवढं मोठं आहे. जगातल्या समुद्री जहाजांच्या टनेजपैकी ९० टक्क्यांच्या आसपास टनेजचं लायबिलिटी कव्हर, म्हणजे जहाजामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा इन्शुरन्स, पी अँड आय क्लबांच्या, म्हणजे जहाजमालकांनीच मिळून चालवलेल्या इन्शुरन्स संस्थांच्या, एका गटाकडे आहे, आणि त्यातले महत्त्वाचे क्लब लंडनचे आणि युरोपातले. कव्हर नाही तर पोर्ट घेत नाही, कालवा सोडत नाही, बँक पैसे देत नाही. ते कलम जसंच्या तसं लागू झालं असतं तर रशियन तेलाचा मोठा हिस्सा किनाऱ्यावरच अडकला असता.

आणि तिथेच अमेरिका घाबरली. एवढं तेल बाजारातून गेलं तर भाव कुठे जाईल, पेट्रोल पंपावर काय होईल, त्यात नोव्हेंबरात त्यांच्याकडे निवडणुका. मग तोडगा निघाला तो प्राइस कॅप. ठरलेल्या भावाच्या खाली विकलं असेल तर इन्शुरन्स, जहाज, फायनान्स सगळं द्या, वर असेल तर देऊ नका. म्हणजे कॅप ही नवीन शिक्षा म्हणून सांगितली जाते, पण प्रत्यक्षात आधीच ठरलेली कडक शिक्षा सैल करण्यासाठी ती आणली गेली. हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही.

भाव किती यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये भांडण झालं. पोलंड आणि बाल्टिक देश म्हणत होते ३० डॉलरच्या आसपास ठेवा, म्हणजे खर्च निघेल पण युद्धाला पैसा उरणार नाही. ज्यांची टँकर्स धावतात त्या ग्रीस, माल्टा, सायप्रसला भाव चढा हवा होता, कारण धंदा जाईल. सुरुवातीला ६५ ते ७० बोललं गेलं, शेवटी ६० ठरलं. त्या आठवड्यांत रशियाचं उरल्स नावाचं मुख्य कच्चं तेल आधीच त्या भावाच्या आसपास किंवा खालीच विकलं जात होतं, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेने त्या दिवशी रशियाचं काहीच अडलं नाही. युरोपने दर दोन महिन्यांनी आढावा घेऊ, बाजारभावापेक्षा निदान ५ टक्के खाली ठेवू असं लिहून दिलं होतं, प्रत्यक्षात आकडा सप्टेंबर २०२५ पर्यंत हलला नाही. अडीच वर्षांहून जास्त! त्या काळात खार्किव्ह, ओडेसाच्या वीजकेंद्रांवर मिसाइल पडत होती आणि इकडे आढाव्याची तारीख येत होती, जात होती. मला हे चीड आणणारं वाटतं.

चालायचं कसं तर कागदावर. ज्याला भाव माहीत आहे त्याने पुढच्याला लिहून द्यायचं की माल मर्यादेत घेतलाय, याला अटेस्टेशन म्हणतात. जहाजमालक आणि इन्शुरन्सवाला त्या कागदावर विसंबून. मर्यादा फक्त मालाच्या लोडिंग पोर्टवरच्या भावाला होती, भाडं आणि इन्शुरन्स वेगळे, मग काही ट्रेडर माल ५९ दाखवून भाडं फुगवायचे. २०२३ च्या डिसेंबरात नियम कडक केले, प्रत्येक खेपेचं वेगळं अटेस्टेशन मागायला लागले, पण उन्हाळ्यातच उरल्स ६० च्या वर गेलं होतं आणि तोपर्यंत रशियाने दुसरी सोय केलेली होती.

ती सोय म्हणजे शॅडो फ्लीट. पंधरा-वीस वर्षं जुनी, भंगारात जायला आलेली टँकर्स विकत घेतली, गॅबन, कोमोरोस, कुक आयलंड्सचे झेंडे लावले, मालक कोण ते कळू नये म्हणून कंपनीवर कंपनी. एआयएस, म्हणजे जहाज कुठे आहे ते सांगणारी यंत्रणा, बंद करायची, समुद्रातच एका जहाजातून दुसऱ्यात माल बदलायचा. इन्शुरन्स कोणाचा, तर ज्याचं नाव कधी ऐकलं नाही अशा कोणाचा. आणि या जहाजांवर माणसं कुठली? त्यात आपली पोरं आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये फिनलंडने समुद्राखालची वीजकेबल तुटल्यावर कुक आयलंड्सच्या झेंड्याचं एक टँकर पकडलं, त्यावर जॉर्जियन आणि भारतीय क्रू होता. १९३५ मध्ये वगळलेल्या तेलाची किंमत अबिसिनियाने मोजली, २०२२ च्या पळवाटेची पहिल्यांदा युक्रेनने मोजली आणि मग अशा जहाजांवरच्या खलाशांनी. याचं थेट कारण इन्शुरन्सच. खलाशांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत २०१७ पासून असं आहे की मालकाने जहाज वाऱ्यावर सोडलं तर चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी परतीचं तिकीट इन्शुरन्सवाल्याने द्यायचं. कव्हरच खोटं असेल तर नेरूळच्या घरी फोन येतो की पगार नाही, जेवण संपत आलंय, आणि दाद मागायला समोर कोणी नाही.

भारत कॅपमध्ये सामील झाला नाही. युद्धाआधी आपल्या कच्च्या तेलात रशियाचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास होता, नंतर एक तृतीयांशाच्या वर गेला. ते तेल गुजरातेत रिफाइन होऊन त्याचं डिझेल युरोपात जात होतं आणि नियमाने ते चालत होतं, कारण रिफाइन झालं की मूळ बदललं असं धरायचे. युरोप स्वतः रशियन एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू, घेतच होता. त्यामुळे ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने रशियन तेलापायी भारतावर जादा २५ टक्के टॅरिफ लावून एकूण ५० केलं तेव्हा महापे-रबाळ्याच्या कारखान्यांतून माल बाहेर पाठवणारे विचारत होते की तेल आम्ही घेतलं का? तो प्रश्न रास्त होता. पण रशियाने हल्ला केला हेही तेवढंच खरं, आणि स्वस्त तेलाचा फायदा आपण घेतला हेही.

३ सप्टेंबर २०२५ पासून युरोपने मर्यादा ४७.६० डॉलरवर आणली आणि बाजारभावाप्रमाणे ती आपोआप बदलत राहील असं ठरवलं, अमेरिका ६० वरच थांबली. ऑक्टोबरात अमेरिकेने रशियाच्या दोन सगळ्यात मोठ्या तेल कंपन्यांवर थेट निर्बंध टाकले, तेव्हा मात्र इथल्या रिफायनऱ्यांनी लगेच हिशेब बदलला, कारण अशा कंपनीशी व्यवहार केला तर बँकांचा डॉलरचा व्यवहारच धोक्यात येतो. आणि २१ जानेवारी २०२६ पासून रशियन कच्च्या तेलाचं डिझेल तिसऱ्या देशातून आलं तरी युरोप घेत नाही, कच्चं तेल कुठलं याचा पुरावा मागतो. टँकरवर साइन ऑन करायच्या आधी एजंटचं बोलणं ऐकून थांबू नका, आयएमओ नंबर, म्हणजे नाव बदललं तरी न बदलणारा जहाजाचा नंबर, टाकून झेंडा, आधीची नावं आणि पी अँड आय कव्हर कोणाचं ते बघा, निर्बंधांच्या याद्यांत जहाजांची नावं रोज वाढतायत.